घासागणिक

म्हैसुरातल्या आमच्या हेब्बाळच्या घरात जेवणाच्या टेबलावर मीठ, लोणचं, तुपाचं भांडं आणि त्यांच्याच ओळीत कॅप्सूलची एक पांढरी बाटली असायची. पाहुणे आले की वहिनी ती उचलून फडताळात ठेवायची आणि दादा उठून ती पुन्हा जागेवर आणायचा. ताट वाढलं, पहिला घास उचलला, की एक कॅप्सूल. गप्पांत जेवण लांबलं तर मधेच आणखी एक. ही बाटली औषधांच्या डब्यात राहिली असती तर हात धुऊन झाल्यावर आठवली असती, आणि तेव्हा घेऊन फारसा उपयोग नसतो. अन्नाबरोबर पोटात गेली तरच ती अन्नात मिसळते. चुकली, तर त्या जेवणातलं तूप, शेंगदाणे, डाळ पोटात जाऊनही अंगी लागत नाही.

ती कॅप्सूल करते ते काम निरोगी माणसात स्वादुपिंड करतं. जठराच्या मागं, पाठीच्या कण्याच्या पुढं, वीतभर लांबीचं हे स्वादुपिंड आडवं पडलेलं असतं. त्याचं डोकं उजवीकडं, लहान आतड्याच्या पहिल्या वळशाच्या कुशीत, आणि शेपूट डावीकडं थेट प्लीहेपर्यंत. दिवसभरात ते लिटरभराहून जास्त रस आतड्यात सोडतं. चरबी, प्रथिनं, पिष्टपदार्थ तोडणारी विकरं याच रसात असतात. शिवाय त्याच्या मांसात विखुरलेली पेशींची बारीक बेटं इन्सुलिन तयार करून सरळ रक्तात देतात. ही बेटं बर्लिनमध्ये शिकणाऱ्या पाउल लँगरहान्स या विद्यार्थ्यानं १८६९ साली सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली. ती काय करतात हे त्याला ठाऊक नव्हतं. अर्धं शतक उलटलं आणि १९२१ मध्ये टोरांटोत बँटिंग आणि बेस्ट यांच्या हाती इन्सुलिन लागलं.

ही दोन्ही कामं आपल्या जन्मापासून कुणाला न विचारता चालू असतात. स्वादुपिंडाचा भाग काढून टाकला की तीच कामं जाणूनबुजून करावी लागतात, घासागणिक, वर्षानुवर्षं, आणि एकटा रुग्ण त्याला पुरा पडत नाही. शस्त्रक्रिया सर्जनच्या हातची, एका दिवसाची. त्यानंतर गेलेल्या अवयवाचं काम घरानं उचलायचं असतं. रुग्णालयाच्या दारातून बाहेर पडताना हे कुठल्याच घराला पुरतं कळलेलं नसतं, म्हणून मी हे लिहिते आहे.

दादा निपाणीचा. तंबाखूच्या वखारीत त्यानं उभी हयात हिशेब लिहिले. आमच्या गावात तंबाखूनं घरं बांधली, मुलींची लग्नं केली, आणि माणसंही नेली. तरुणपणी त्याच्या बोटांत विडी असायची. पंढरपूरला जाऊन गळ्यात माळ घातली त्या दिवशी ती सुटली. धूम्रपान हे स्वादुपिंडाच्या कर्करोगाच्या ठाऊक असलेल्या कारणांपैकी एक. डॉक्टरांनी पहिल्याच भेटीत विडीबद्दल विचारलं, तेव्हा दादानं वर्षं मोजून सांगितली. विडी सोडल्यालाही किती वर्षं झाली, तेही सांगितलं.

आधी कावीळ झाली. डोळे हळदीचे, लघवी गडद, अंगाला न थांबणारी खाज. पोटात मात्र दुखत नव्हतं. गावाकडं काविळीचं औषध देणारी घरं असतात. कुणी पानांचा रस देतं, कुणी गळ्यात मंतरलेली माळ घालून ती उतरायची वाट बघायला सांगतं. दादाच्या बाबतीत हे सगळं झालं आणि त्यात आठवडे गेले. फोनवर तो म्हणायचा, "दुखत न्हाई गं काय. खाज तेवढी लई उठती." त्याच्या न दुखण्याचीच मला धास्ती वाटायला लागली. पिकल्या वयातल्या माणसाला कावीळ झाली, पोट दुखत नाही, संडासचा रंग मातकट-पांढरा झालाय, वजन उतरतंय, तर त्या आठवड्यातच सोनोग्राफी झाली पाहिजे. हे वाक्य मी आता लग्नाच्या पंगतीतही बोलून दाखवते. पित्ताची नळी आत कुठं तरी दबली गेली की अशी कावीळ होते, आणि रस-माळेनं ती नळी मोकळी होत नाही.

बेळगावहून रेल्वेनं मी दोघांना म्हैसूरला आणलं. तपासण्या झाल्या. पित्ताची आणि स्वादुपिंडाची नळी आतड्यात जिथं एकत्र उघडते, त्या तोंडाशीच गाठ होती. सर्जन म्हणाले, जागा बरी आहे. त्या वेळी हे शब्द निष्ठुर वाटले होते, नंतर त्यांचा अर्थ उमगला. त्या तोंडाशी हरभऱ्याएवढी गाठ झाली तरी पित्त अडतं, डोळे पिवळे होतात आणि माणूस डॉक्टरकडं जातो. तीच गाठ स्वादुपिंडाच्या मधल्या भागात किंवा शेपटाकडं असती तर महिनोन् महिने काही कळलं नसतं. पाठीत दुखतंय म्हणून मलम चोळलं असतं. धडधाकट माणसाला अचानक साखर निघाली म्हणून गोळ्या सुरू झाल्या असत्या. स्वादुपिंडाचा कर्करोग सापडतो तेव्हा शंभरांतल्या पंधरा-वीस जणांनाच शस्त्रक्रियेचा पर्याय उरलेला असतो. जुन्या स्वादुपिंडदाहासाठी, पाण्याच्या गाठींसाठी, सावकाश वाढणाऱ्या दुसऱ्या जातीच्या गाठींसाठीही या अवयवावर शस्त्रक्रिया होतात. त्यामुळे 'स्वादुपिंडाचं ऑपरेशन' एवढंच ऐकून कुणी कुणाचं भविष्य वर्तवू नये.

आपल्या भागात लोक ते वर्तवू लागले २०१८ पासून. गोव्याचे मुख्यमंत्री मनोहर पर्रीकर त्या वर्षी आजारी पडले आणि स्वादुपिंड हा शब्द निपाणी-सावंतवाडीच्या चहाच्या टपऱ्यांपर्यंत आला. डिसेंबर २०१८ मध्ये मांडवीवरच्या नव्या पुलाची पाहणी करताना त्यांचं छायाचित्र सगळ्यांनी पाहिलं. नाकात नळी, अंग वाळलेलं. ३० जानेवारी २०१९ रोजी त्यांनी त्याच अवस्थेत विधानसभेत अर्थसंकल्प मांडला आणि १७ मार्चला ते गेले. आजारी माणसानं पदावर राहावं का, यावर तेव्हा खूप वाद झाला. माझ्या मनात राहिली ती नाकातली नळी. आमच्याकडं अशी नळी घातलेल्या माणसाला घराच्या आतल्या खोलीत ठेवतात, भेटायला येणारे दारातूनच परततात. ती नळी घेऊन एक माणूस उघड्यावर, कॅमेऱ्यांसमोर उभा राहिला. दादाच्या नाकात नळी आली तेव्हा वहिनीनं तोंडाला पदर लावला. दादानं खुणेनंच सांगितलं, पर्रीकरांना नव्हती का.

शस्त्रक्रियेच्या आधी सर्जननी रिपोर्टच्या पाठकोऱ्या बाजूवर निळ्या पेननं चित्र काढून दाखवलं होतं. तो कागद अजून माझ्याकडं आहे. स्वादुपिंडाचं डोकं, आतड्याचा वळसा, पित्ताशय, पित्तनळीचा खालचा भाग, एवढ्यावर त्यांनी तिरक्या रेघा ओढल्या. हे जाणार. मग खालून आतड्याचं मोकळं टोक वर आणलं आणि तीन ठिकाणी गोल केले. एक सांधा उरलेल्या स्वादुपिंडाशी, एक पित्तनळीशी, एक जठराशी. पहिल्या गोलावर त्यांचं पेन बराच वेळ फिरत राहिलं. स्वादुपिंड मऊ असलं तर तिथं शिवणं म्हणजे लोण्याला टाके घालणं, असं ते म्हणाले. ज्या रसानं मांस पचतं, तोच रस त्या सांध्यातून वाहणार असतो. या शस्त्रक्रियेतली बहुतेक भीती त्या एका गोलात आहे.

या शस्त्रक्रियेला व्हिपल म्हणतात. बर्लिनच्या वाल्टर काउश यांनी १९१२ मध्ये अशा शस्त्रक्रियेची नोंद केली होती, पण ती रुळवली न्यूयॉर्कच्या ॲलन व्हिपल यांनी. त्यांनी १९३५ मध्ये आपल्या तीन रुग्णांची हकिकत प्रसिद्ध केली. त्यांच्या पहिल्या रुग्णाचे टाके कॅटगटचे होते, म्हणजे जनावराच्या आतड्यापासून केलेल्या दोऱ्याचे. स्वादुपिंडाच्या रसानं तो दोराच पचवला, सांधा सुटला आणि रुग्ण दगावला. पुढं व्हिपल यांनी रेशमाचा दोरा घेतला. म्हैसुरात राहणारी बाई हे वाचून जरा थबकते. काउश यांची नोंद ज्या वर्षीची, त्याच १९१२ साली इथला सरकारी रेशीम विणण्याचा कारखाना सुरू झाला. माझ्या लग्नातला शालू तिथला आहे. आता शस्त्रक्रियेत कृत्रिम धागे वापरतात, तरी शालूच्या कपाटाला हात लावताना मला व्हिपल यांचा तो दुसरा दोरा आठवतो.

काविळीच्या रुग्णाचं रक्त नीट गोठत नाही, हीसुद्धा त्या काळची मोठी अडचण होती. पित्त आतड्यात उतरलं नाही की के जीवनसत्त्व शोषलं जात नाही, आणि त्याच्याशिवाय रक्त थांबत नाही. म्हणून आधी पित्ताला वाट करून द्यायची, काही आठवडे थांबायचं, मग पुन्हा पोट उघडायचं. के जीवनसत्त्व हाती आल्यावर १९४० पासून एकाच बैठकीत शस्त्रक्रिया होऊ लागली. दादाला आधी इंजेक्शनं दिली ती याचीच. तरीही १९६०-७० च्या दशकांपर्यंत पाचांतला एक रुग्ण या शस्त्रक्रियेनंतर घरी परतत नसे. आज मुंबईच्या टाटा मेमोरियलसारख्या सरावाच्या ठिकाणी हे प्रमाण शंभरात पाचाच्या आसपास किंवा खाली आलं आहे. सराव हा इथं परवलीचा शब्द आहे. जिथं ही शस्त्रक्रिया वारंवार होते तिथं रुग्ण जास्त वाचतात, हे अनेक देशांच्या आकडेवारीतून पुन्हापुन्हा दिसलं आहे. यात एकट्या सर्जनचा हात नसतो. रात्री दोन वाजता ड्रेनच्या, म्हणजे पोटातलं पाणी बाहेर काढणाऱ्या नळीच्या, पिशवीतला रंग बदललेला ओळखणारी सिस्टर लागते, लगेच सीटी स्कॅन काढून रक्तस्राव थांबवणारी माणसं लागतात. म्हणून दादानं विचारलेला प्रश्न मला फार मोलाचा वाटतो. त्यानं हिशेबनिसाच्या आवाजात, निपाणीच्या कानडीत विचारलं, वर्षाला अशी किती करता? सर्जन रागावले नाहीत. त्यांनी आकडा सांगितला, आणि त्यांतल्या किती जणांना त्रास झाला तेही सांगितलं. मी माझ्या भावाला त्यांच्या हाती दिलं ते त्या दुसऱ्या उत्तरावर. जो डॉक्टर या प्रश्नावर तुटकपणे बोलेल, त्याच्याकडून उठून दुसरीकडं विचारायला जावं, असं माझं स्पष्ट मत आहे.

शस्त्रक्रियेची तारीख पुढं होती. दरम्यानचे दिवस वाया घालवायचे नव्हते. तीन रंगीत चेंडूंचं श्वासाचं यंत्र घेऊन दादा गॅलरीत बसायचा. श्वास ओढून चेंडू वर धरायचे, कारण पोटावर मोठी जखम असली की माणूस खोल श्वास घेत नाही आणि छातीत कफ साचून न्यूमोनिया होतो. सकाळी हेब्बाळच्या तलावाकाठी चालायचं. औद्योगिक वसाहतीचं, गटाराचं पाणी पिऊन मरत चाललेला हा तलाव इन्फोसिस फाउंडेशननं पुन्हा उभा केला. आता काठानं चालायला वाट आहे, पाण्यावर पक्षी आहेत. शस्त्रक्रियेआधी जो चालतो तो नंतर लवकर उठतो, असं फिजिओथेरपीच्या मुलीनं सांगितलं होतं, आणि दादा तिचं बोलणं अभंगाच्या नेमानं पाळत होता.

शस्त्रक्रियेनंतरचे रुग्णालयातले दिवस मी सविस्तर सांगणार नाही. नातेवाईक तिथं नळ्या मोजत बसतात. नाकातून जठरात गेलेली राइल्स ट्यूब, लघवीची नळी, पोटाच्या दोन बाजूंनी निघालेले ड्रेन, मानेतली सुई. एक नळी निघाली की गावाकडं फोन जातो. पण कोणती नळी कशासाठी, हे आपण विचारून घ्यावं. ड्रेनमधलं पाणी तपासायला पाठवतात ते त्यात स्वादुपिंडाचं विकर किती आहे हे बघण्यासाठी. ते जास्त निघालं म्हणजे तो पहिला सांधा झिरपतोय. शंभरातल्या दहा-वीस जणांना हे होतं. बहुतेकदा ड्रेन जास्त दिवस ठेवून, जंतुसंसर्ग आवरून, वाट बघून ते मिटतं. दादाला ते झालं. शस्त्रक्रिया फसली असं समजून वहिनी रात्रभर जागली. सकाळी सर्जन म्हणाले, ड्रेन ठेवलाय तो याचसाठी.

दुसरी गोष्ट जठराची. ते रुसतं. त्यात गेलेलं पाणीही खाली उतरत नाही, ढेकर येतात, ओकारी होते, काढलेली नळी पुन्हा घालावी लागते. दादा म्हणायचा, "खाल्लेलं खाली उतरंना बघ." कुणाचं चार दिवसांत सुरळीत होतं, कुणाला आठवडे लागतात. त्या काळात माणसाचं मन खचतं. त्याला वाटतं आपलं पोट आता कायमचं बंद झालं. बहुतेक वेळा ते उघडतं. हे त्याला रोज, न कंटाळता सांगणारं कुणी तरी उशाशी हवं.

घरी सोडताना आम्हाला जाड फाइल मिळाली. तिच्यात धोक्याच्या खुणा लिहिलेल्या होत्या. ताप आला, ड्रेनमध्ये किंवा उलटीत रक्ताचा थोडासा जरी रंग दिसला, डोळे पुन्हा पिवळे झाले, पोट फुगून दुखू लागलं, तर सकाळची वाट न बघता निघायचं. रक्ताबद्दल मी विशेष सांगते. या शस्त्रक्रियेनंतर थोडंसं दिसणारं रक्त मोठ्या रक्तस्रावाची आगाऊ सूचना असू शकतं. 'जरासंच आहे' म्हणून झोपायचं नाही.

आमच्या घरापासून थोड्या अंतरावर, केआरएस रस्त्याला क्षयरोग्यांचं जुनं आरोग्यधाम आहे. म्हैसूरच्या राजघराण्यातल्या कृष्णाजम्मण्णी या राजकन्येच्या नावानं ते शंभराहून अधिक वर्षांपूर्वी उभं राहिलं. क्षयानंच तिला नेलं होतं. त्या काळी औषध नव्हतं म्हणून रुग्णाला वेळ द्यायचे. झाडं, वारा, दूध, ठरावीक वेळी झोप. बरं होणं हे दिवसभराचं काम आहे असं मानणारी इमारत होती ती. आता औषधं आली, शस्त्रक्रिया आल्या, आणि तो वेळ मात्र कुणाच्या हिशेबात उरला नाही. पोटातले सांधे नवे असताना माणूस रिक्षात बसून घरी येतो आणि त्या दिवसापासून तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांचं आरोग्यधाम व्हावं लागतं. डॉक्टर महिना-दोन महिने वजन उचलू नका म्हणतात. थकवा त्याहून कितीतरी पुढं जातो. दुपारी कपडे बदलूनही दमायला होतं. दादाला आंघोळीनंतर आडवं व्हावं लागायचं आणि त्याची त्याला लाज वाटायची. शेजारची माणसं त्याला चालताना बघून म्हणायची, आता बरे दिसता. तो आत येऊन भिंतीकडं तोंड करून झोपायचा.

म्हैसुरात सकाळी भेटलं की माणसं विचारतात, "तिंडी आयता?" न्याहारी झाली का. दुपारी "ऊट आयता?" जेवण झालं का. यात माया असते, आणि उत्तर ठरलेलं असतं, आयतु, झालं. ज्याचं जेवणच होत नाही त्याला हा प्रश्न दिवसात किती वेळा टोचतो ते मी त्या महिन्यांत पाहिलं. दूधवाला, वॉचमन, समोरच्या घरातल्या आजी. सुरुवातीला दादा मान खाली घालून पुढं जायचा. पुढं कधी तरी त्यानं आजींना उत्तर दिलं, "स्वल्प." थोडंसं. आजी म्हणाल्या, थोडंसंच बरं, पण पुन्हा पुन्हा. डाएटिशियननं छापील कागदावर तेच लिहून दिलं होतं. तीन ताटांऐवजी सहा वाट्या. मऊ भात आणि मुगाचं वरण, इडली, नाचणीची आंबील, अंड्याचा पांढरा भाग, पनीर. घोट घोट पाणी, पण जेवताना नाही, कारण पाण्यानं पोट भरतं आणि अन्नाला जागा राहत नाही.

वहिनी ताटापुढं बसून "आणखी एक घास" म्हणायची. आमच्या घरांत मायेला दुसरा शब्दच नाही. पण त्या एका घासानं त्याला ओकारी यायची, आणि मग तो पुढच्या वेळी ताट बघूनच घाबरायचा. मी तिला म्हटलं, "वहिनी, तू वाटी ठेव आणि उठून जा." ती म्हणाली, "वन्सं, मला जमायचं न्हाई." शेवटी तिनं त्याच्या शेजारी स्वतःचं ताट मांडलं. तिचं तिनं जेवायला सुरुवात केली. दोघं आपापलं जेवू लागली आणि वाटी हळूहळू रिकामी होऊ लागली.

तेलातुपाची भीती सगळ्यांत मोठी निघाली. फोनवरून सगळं गाव सांगत होतं, फोडणी बंद करा, तूप बंद करा. आणि दादा दिवसेंदिवस हाडांवर येत होता. चरबी तोडणारं विकर कमी पडलं की न पचलेली चरबी संडासवाटे बाहेर जाते. संडासला फिकट, तेलकट, उग्र वासाचं होतं, पाण्यावर तरंगतं, दोनदा पाणी ओतलं तरी भांड्याला चिकटून राहतं. पोटात वायू धरतो. चरबीबरोबर ए, डी, ई आणि के ही जीवनसत्त्वंही निघून जातात. यावर उपाय तूप तोडणं हा नाही. माणसाला त्या तुपाची तर गरज असते. उपाय म्हणजे विकरांची कॅप्सूल पुरेशी घेणं. मोठ्या जेवणाला जास्त, केळ्याला किंवा बिस्किटाला कमी, पहिल्या घासाबरोबर, गार किंवा कोमट पाण्यानं. गरम चहाबरोबर नाही, उष्णतेनं विकरं निकामी होतात. केळं सोडून बाकीची फळं, काळा चहा असल्या बिनचरबीच्या गोष्टींना ती बहुतेक लागत नाही. किती एककांची आणि किती, हे डॉक्टरांनी ठरवायचं, पण संडास कसं होतं हे त्यांना सांगितल्याशिवाय ते ठरवणार कसं? आमच्या घरात हा विषय बायका-पुरुषांत बोलायचा नाही असा दंडक. दादा डॉक्टरांना "ठीक आहे" म्हणायचा. शेवटी त्यानं आपल्या हिशेबाच्या वहीत रकाना आखला. वेळ, काय खाल्लं, किती कॅप्सूल, संडासचा रंग. डॉक्टरांनी ती वही दोन मिनिटं वाचली, मात्रा वाढवली, आणि महिन्याभरात दादाचा चेहरा भरू लागला.

या कॅप्सूल डुकराच्या स्वादुपिंडापासून करतात. हे बाटलीवर बारीक अक्षरांत असतं. माळकरी माणसाला ते आम्ही सांगितलं, कारण लपवणं मला मान्य नव्हतं. त्याच्या तोंडात काय जातंय हे त्याला ठाऊक असलं पाहिजे. दादा त्या दिवशी जेवला नाही. मी त्याला सांगितलं की इन्सुलिनसुद्धा साठ वर्षं गाई-डुकरांच्या स्वादुपिंडातून यायचं, १९८२ मध्ये जिवाणूंकडून तयार केलेलं मानवी इन्सुलिन बाजारात येईपर्यंत. कितीतरी टाळकऱ्यांनी ते टोचून घेत वारी केली असेल. त्यानं ऐकून घेतलं, बोलला नाही. काही दिवसांनी म्हणाला, मला राजवाड्याकडं ने. राजवाड्याच्या आवारात श्वेतवराहस्वामींचं देऊळ आहे. विष्णूचा वराह अवतार, पृथ्वीला पाण्यातून वर काढणारा. दादा त्या मूर्तीसमोर बराच वेळ हात जोडून उभा राहिला. मी मागं खांबाला टेकून उभी होते. त्याचं देवाशी काय बोलणं झालं ते मी विचारलं नाही. संध्याकाळी ताट आलं तेव्हा त्यानं माळेला हात लावला आणि कॅप्सूल घेतली. हे सगळ्यांना पटेल असं मी म्हणत नाही. ज्याला पटणार नाही त्यानं गुपचूप बंद करण्याऐवजी डॉक्टरांशी उघड बोलावं. बंद केलेली कॅप्सूल शरीर कळवतंच, फक्त वजन उतरल्यावर.

साखरेचं प्रकरण वेगळंच. स्वादुपिंड जितकं जातं तितकी ती बेटंही जातात, आणि काहींना नव्यानं मधुमेह होतो. दादाला झाला. या मधुमेहात साखर चढते तशी झपकन खालीही येते, कारण साखर वर आणणारं ग्लुकॅगॉन हे संप्रेरकही तिथंच तयार होतं. एकदा पहाटे तो घामानं भिजलेला, काही तरी असंबद्ध बोलत सापडला. ग्लुकोमीटरवर आकडा पाहिला आणि वहिनीनं साखरेचं पाणी पाजलं. तेव्हापासून त्याच्या सदऱ्याच्या खिशात साखरेची पुडी असते, आणि इन्सुलिन घेतलं की जेवण पुढं ढकलायचं नाही हा घराचा नियम झाला. ज्यांच्या शेपटाकडच्या भागाबरोबर प्लीहाही काढतात, त्यांनी लसींबद्दल विचारून ठेवावं. न्यूमोकॉकस, मेनिंगोकॉकस आणि हिमोफिलस या जंतूंविरुद्धच्या लसी त्यांना लागतात, आणि साध्या तापालाही त्यांनी हलकं समजू नये.

बायॉप्सीचा रिपोर्ट आला, केमो ठरली. ती सुरू व्हायला अंगात ताकद लागते, म्हणून सहा वाट्यांचा हिशेब आणखी कडक झाला. केमो संपून दादा निपाणीला गेला त्याला आता बराच काळ झाला. तपासणीला येतो. दर वेळी रिपोर्टच्या आदल्या रात्री दोघंही झोपत नाहीत, आणि त्यावर कुठलंही औषध मला सापडलेलं नाही.

मध्यंतरी संकेश्वरकडच्या एका कुटुंबाचा फोन आला. त्यांच्या वडिलांचं हेच ऑपरेशन झालं होतं, जेवण जातंय पण अंग धरत नाही, काय करावं कळत नाही. मी दादाचा नंबर दिला. नंतर दादा म्हैसूरला आला होता तेव्हा त्या घरातल्या मुलाचा पुन्हा फोन आला, माझ्यासमोरच. मुलगा रडवेला होऊन वडिलांचं वजन, रिपोर्ट, खर्च सांगत होता. दादानं त्याला मधेच थांबवलं.

"त्ये ऱ्हाऊ दे बाळ. संडासला कसं हुतंय त्यांना? तरंगतंय का?"

पलीकडं शांतता. मग मुलगा म्हणाला, विचारलं नाही कधी.

"मग इचार. फोन त्यांच्याकडं दे, मीच इचारतो. आणि कॅप्सूल किती पावरची हाय, बाटली बघून सांग."